ओटीपी कोणालाच सांगितला नाही, तरी मामांचे पैसे गेले

बडोद्यातल्या मंडळींनी हे नीट वाचा आणि घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा. माझे मामा दांडिया बाजारला राहतात, रिटायर्ड आहेत, हिशोबाला एकदम पक्के. बँकेतून बोलतोय म्हणून कोणी ओटीपी मागितला की समोरच्याला झापून फोन ठेवणार. या वेळेसही त्यांनी ओटीपी कोणाला दिला नाही, तरी खात्यातून जवळपास ८८ हजार गेले.

झालं असं की दुपारी जेवण झाल्यावर व्हॉट्सॲपवर मेसेज आला, डीपीला गॅस कंपनीचा लोगो, गुजरातीत लिहिलेलं की तुमचं मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला लाइन बंद होईल. आपल्याकडे किती घरांत पाइपचा गॅस आहे, हे त्या चोरांना बरोबर माहीत असतं. मामांनी बिल भरलेलं होतं, म्हणून तर ते चिडले आणि खाली दिलेल्या नंबरवर फोन लावला. तिकडचा माणूस भलताच गोड, काका काका करत म्हणाला तुमचं पेमेंट दिसतंय, फक्त अपडेट करायचंय, मी फाइल पाठवतो, त्यात १२ रुपये भरा, पुढच्या बिलात वळते होतील. आणि फोन चालूच ठेवा म्हणाला.

ती फाइल म्हणजे एपीके होती, म्हणजे बिलाचा कागद नव्हे, अख्खं ॲप. उघडल्यावर फोनने विचारलं की अनोळखी ठिकाणचं ॲप टाकायचं का, मग विचारलं की एसएमएस वाचायची परवानगी द्यायची का, तो माणूस फोनवरून सांगत होता की हो दाबा हो दाबा. मग हुबेहूब गॅस कंपनीसारखा फॉर्म आला, १२ रुपयांसाठी डेबिट कार्डाचा नंबर, एक्सपायरी आणि मागचे तीन आकडे. एवढं भरल्यावर गोल चक्र फिरत राहिलं आणि तो म्हणाला सर्व्हर स्लो आहे काका, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल.

तिकडे कार्ड वापरलं गेलं, ओटीपी मामांच्याच फोनवर आला, पण त्या ॲपने तो परस्पर चोराकडे पाठवला. एकदा ४९,९९९, मग ३८,०००. मामांना एकही मेसेज दिसला नाही. आपण वर्षानुवर्षं ऐकतोय की ओटीपी सांगू नका, मामांनी तेच पाळलं, पण आता चोराला तुमच्याकडून ओटीपी ऐकायची गरजच राहिलेली नाही, आणि ही गोष्ट लोकांपर्यंत पुरेशी पोचलेली नाही म्हणून मी एवढं लांबलचक लिहितोय.

कळलं कसं, तर बँकेचा ईमेल अलर्ट मामेबहिणीच्या फोनवर पण येतो. तिने बघितलं आणि लगेच मला कळवलं. म्हणून सांगतो, एसएमएससोबत ईमेल अलर्ट पण चालू ठेवा आणि तो ईमेल घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवर पण दिसू द्या.

मामांचा फोन आधी फ्लाइट मोडवर टाकला, म्हणजे ॲपला पुढे काही पाठवता येईना. दुसऱ्या फोनवरून १९३० लावला, ही सायबर फ्रॉडची सरकारी हेल्पलाइन आहे. ट्रान्झॅक्शन नंबर, वेळ, बँकेचं नाव तयार ठेवा, तेच विचारतात. तक्रार गेली की पैसे ज्या खात्यात गेलेत त्या बँकेला कळवतात, आणि तिथे शिल्लक असेल तेवढी रक्कम होल्ड होते. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फटाफट फिरवत असतात, त्यामुळे उद्या सकाळी बँकेत जाऊन विचारू, लोक काय म्हणतील, असं करत बसाल तर हाती काही लागत नाही. मामी तेच म्हणत होती, शेजारी कळायला नको. मामांचे ३८ हजार होल्ड झाले, पहिली रक्कम पुढे निघून गेली होती.

बँकेला पण त्याच वेळी कळवून कार्ड ब्लॉक करा आणि तक्रारीचा नंबर घ्याच. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमात असं आहे की तुमच्या चुकीने पैसे गेले असले तरी तुम्ही कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या अंगावर. मग सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर पूर्ण तक्रार.

ते ॲप आम्ही नंतर शोधलं, स्क्रीनवर आयकॉनच नाही, सेटिंगमधल्या ॲप्सच्या यादीत एक बिननावाची रिकामी ओळ तेवढी होती. शेवटी अख्खा फोन रीसेट केला.

हीच एपीके कधी लग्नपत्रिका म्हणून येते, कधी ट्रॅफिकचं चलान म्हणून, कधी बँकेचं केवायसी म्हणून, आणि ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून पण येते कारण त्याच्या फोनमध्ये हे ॲप आधीच शिरलेलं असतं. कस्टमर केअरचा नंबर सर्च करून लावलात आणि त्याने स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावलं तर तिथेही तेच, ओटीपी तो स्वतः वाचतो. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे तुम्ही पैसे देताय.

आज घरातल्या मोठ्यांचा अँड्रॉइड फोन हातात घ्या, सेटिंगमध्ये अनोळखी ॲप इन्स्टॉल करायची परवानगी शोधा, आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स या सगळ्यांसमोर ती बंद करा. मामांच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपसमोर ती चालू निघाली.