१९०२ च्या फौजी कोटाचा पीडीएफ पॅटर्न, आठ महिने वापरून (आणि ती दोन इंची चौकट)

परवा भाच्यानं कोट घालून दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि कोट कमरेपाशी बोटभरसुद्धा सरकला नाही, तेव्हाच ठरवलं की आता हे लिहायचं. कारण जानेवारीत ह्याच पॅटर्नबद्दल मी दोघातिघांना "घेऊ नका, पैसे पाण्यात जातेत" म्हणून सांगितलं होतं आणि त्यातलं निम्मं चुकीचं होतं.

पॅटर्न, म्हणजे कापड कापायचा फरमा, ब्रिटिश फौजेच्या १९०२ च्या सर्व्हिस ड्रेस कोटाचा. पहिल्या महायुद्धाच्या फोटोत बघतो तोच, समोर पाच पितळी बटनं, वर दोन खिसे, खाली दोन, दुमडायची कॉलर. विकणारा परदेशातला, नाव लिहित नाही, शेवटी त्यानं ऐकलं म्हणून. मला साडेबाराशेच्या आसपास पडला. एका पीडीएफला साडेबाराशे म्हणजे माझ्यासारख्याला जास्तच, एवढ्यात तीन शर्टांचं कापड येतंय, त्यामुळं पहिल्या दिवसापासून माझी नजर कडकच होती.

मी अंबाजोगाईचा. निजामाच्या काळात गावाचं नाव मोमिनाबाद, आणि इथं हैदराबाद कंटिंजंटच्या (निजामाच्या खर्चानं, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ठेवलेल्या फौजेच्या) घोडदळाची छावणी होती. १९०३ मध्ये कंटिंजंट मोडून पलटणी इंग्रजांच्या हिंदी फौजेत घेतल्या. त्यातलंच एक घोडदळ २० वी डेक्कन हॉर्स, जे १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वूड नावाच्या जंगलापाशी भाले घेऊन घोड्यावरून धावलं. हे कळल्यापासून त्या काळचा एक पोशाख स्वतःच्या हातानं शिवायचा हे माझ्या डोक्यात बसलं. लढाईच्या आधीचे डेक्कन हॉर्सचे फोटो लंडनच्या युद्ध संग्रहालयाकडं आहेत, नेटवर कुणालाही दिसतात, पण फोटोत घोडी दिसतात, माणसं दिसतात, पाठीची शिलाई कुठून गेलीय ते दिसत नाही. मुंढा (बाही जोडायचा काखेचा घेर) किती खोल, बाही एका तुकड्याची का दोन, हे फोटो मोठा करून करून डोळे दुखले तरी कळत नाही. म्हणून पॅटर्न घ्यावा लागला.

आता मुख्य मुद्दा, आणि तो मी सविस्तर लिहिणार आहे कारण कुठंच कुणी सांगितलं नव्हतं. ही फाईल अमेरिकन लेटर साईजच्या कागदासाठी केलेली आहे. आपल्याकडं सगळीकडं ए-फोर. लेटर २१६ मिलिमीटर रुंद, ए-फोर २१०. झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर 'फिट'ला टिक आधीपासूनच असते, तो बिचारा प्रिंट देतो आणि सगळं चित्र गुपचूप ९७ टक्क्यांवर येतं. ४६ पानं, तीन रुपयानं १३८, डिंकानं चिकटवली, रात्रीचे दोन वाजले. माप बरोबर आलं का ते तपासायला पहिल्या पानावर दोन इंचाची चौकट दिलीय. मी टेप लावली, दोन इंचच वाटले. कारण ९७ टक्क्यांत दोन इंचात फरक पडतो अर्ध्या सुतापेक्षाही कमी (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), रेघेच्या जाडीतच तो जातो! पण कोटाचा छातीचा तयार घेर ४४ इंच पाहिजे होता तो आला ४२.८. सव्वा इंच गेलं. आता मला सांगा, तपासायलाच चौकट द्यायची तर दोन इंचाची का द्यायची? दहा इंचाची एक साधी रेघ दिली असती तर ती दोन सूत कमी दिसली असती आणि मी तिथंच थांबलो असतो. एक रेघ ओढायला काय खर्च येतो? ह्या एका गोष्टीपायी माझं तीन मीटर मांजरपाट गेलं आणि तीन रविवार गेले.

मांजरपाटावर ट्रायल शिवून भाच्याला घातली तर छातीवर बटनच लागेना. तो म्हणला, "मामा, श्वास कोंडायलाय." मी सरळ पॅटर्न खोटा म्हणून मेल केला. उत्तर आलं, शंभर टक्क्यांवर प्रिंट काढा. काढली, आणखी १३८ रुपये, तर आता ए-फोरच्या दोन्ही कडा कापल्या गेल्या आणि पानं जुळवायच्या खुणाच गायब. परत मेल, टेप लावलेले फोटो, परत तेच छापील उत्तर. असं १९ दिवस चाललं. मी पण हटलो नाही, प्रत्येक मेलमध्ये मिलिमीटर लिहून पाठवले. विसाव्या दिवशी त्यांनी ए-झिरोची फाईल पाठवली, अख्खा पॅटर्न तीन मोठ्या शीटवर. म्हणजे ती त्यांच्याकडं होती की! पैसे परत दिले नाहीत, माफीची एक ओळ मात्र होती.

ए-झिरो लातूरला काढली, जिथं इंजिनिअर लोक घराचे प्लॅन काढतात तिथं, प्लॉटरवर, तिन्हीचे मिळून ३०० रुपये. हे आधीच केलं असतं तर. ज्यांना घ्यायचाय त्यांनी घेण्याआधीच ए-झिरोची फाईल मागा, मिळाली तरच पैसे द्या, आणि प्रिंट हातात आल्यावर चौकट मोजत बसू नका, पाठीच्या मधली उभी रेघ मोजा.

माप बरोबर झालं तरी माझा दुसरा आक्षेप होताच, मुंढा. आपल्याकडं शर्टाला मुंढ्याची खोली छातीचा चौथा भाग धरतात, अण्णांनी पन्नास वर्षं तसंच कापलं आणि मी त्यांच्याकडूनच शिकलो. ४० छातीला १० इंच. ह्या पॅटर्नमध्ये मार्जिन सोडून भरतात पावणेनऊ. बघूनच वाटलं काखेत काचणार, आणि मी सरळ पाऊण इंच खाली उतरवायला खडू उचलला होता. अण्णा शेजारी चहा घेत बसले होते, ते म्हणले, "आधी जसा हाय तसा शिव. कापलेलं परत चिकटत नसतंय."

तसाच शिवला. बाही दोन तुकड्यांची, कोपरापाशी पुढं वाकलेली, आणि मुंढ्यात बसवताना तिचा कल सरळ खाली न ठेवता थोडा पुढं ठेवायचा. हात लोंबकळत उभं राहायला नाही तर बंदूक खांद्याला लावायला, लगाम धरायला केलेली बाही आहे ती. मुंढा उंच आणि लहान असल्यामुळं हात वर गेला की फक्त बाही वर जाते, कोटाचं अंग जागच्या जागी राहतं. खोल मुंढ्याच्या शर्टात हात वर केला की सगळा शर्ट इनमधून बाहेर येतो बघा, त्याचं कारण हेच. एवढी वर्षं शिवून मला ते एका विकतच्या कागदानं दाखवलं. जानेवारीतलं माझं मत मी इथं मागं घेतो.

बाकी बारीक गोष्टी थोडक्यात. खांद्यावर समोरून जो जादा कापडाचा तुकडा लावायचा असतो, बंदुकीच्या घासण्यानं कापड झिजू नये म्हणून, तो दिलाय. युद्ध सुरू झाल्यावर घाईत शिवलेल्या साध्या कोटांत तो तुकडा आणि खिशाची प्लेट (चुणी) दोन्ही गाळली होती, तो प्रकारही ह्याच फाईलमध्ये वेगळ्या रेघेनं आहे, ते आवडलं. उजव्या पाळ्याच्या (पुढच्या भागाच्या) आतून एक छोटा खिसा आहे, जखमेवर बांधायची पट्टी ठेवायला. बाहेरून तो कुणालाच दिसत नाही. मी तो चार वेळा उसवला, कारण त्याची शिलाई बाहेरच्या अंगाला दिसता कामा नये, शेवटी मशीन सोडून हातानं तुरपाई केली. शिवताना सारखं मनात येत होतं की ज्याच्या अंगावर हा कोट असायचा जखम झाल्यावर त्याचा हात आधी इथंच जात असणार. कॉलरच्या सूचना मात्र अगदीच तोकड्या आहेत, बक्रम (कॉलर ताठ ठेवायचं आतलं कडक कापड) कुठं संपवायचं ते लिहिलेलंच नाही. कापड मी जाड खाकी सुती ड्रिल घेतलं, खरा कोट लोकरी सर्जचा असायचा, तसलं सर्ज इकडं मला मिळालं नाही.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर हा कोट गोऱ्या शिपायाचा. आपला सवार खाकी कुर्ता घालायचा, वर कमरबंद, डोक्याला फेटा, पायाला पट्ट्या (इंग्रजीतला पुटी हा शब्द आपल्या पट्टीवरूनच गेलाय, आणि खाकी तर खाक म्हणजे मातीवरूनच). त्या कुर्त्याचा तयार पॅटर्न मला विकत कुठंच सापडला नाही. ह्याचं फार वाईट वाटतं. गोऱ्यांच्या प्रत्येक पलटणीचा, प्रत्येक सालाचा फरमा मिळतोय, आणि ज्या घोडदळाची छावणी माझ्या गावात होती त्याच्या कुर्त्याचा एक कागद नाही. सुरुवातीला म्हणूनच मला हा पॅटर्न आपल्या कामाचा नाही असं वाटत होतं. पण १९१४ च्या सप्टेंबरअखेर आपली माणसं मार्सेलला उतरली ती सुती ड्रिलवर, पुढं थंडी पडल्यावर त्यांना लोकरी कपडे दिले गेले. त्यामुळं तिथल्या हिवाळ्यातला आपला माणूस समजून घ्यायला हा कोट शिवणं वाया गेलं नाही.

कुर्त्यासाठी सध्या लंडनच्या जुन्या कटिंगच्या पुस्तकांचे स्कॅन बघायलोय. हक्क संपलेले आहेत, फुकट उतरवता येतात. त्यात तयार फरमा नसतो, छातीच्या मापावरून स्वतः ड्राफ्ट काढायचा असतो, पण ज्याला पेपर कटिंग येतंय त्याला अवघड नाही. येत नसेल तर मात्र पॅटर्नच घ्या, साडेबाराशेला सुद्धा घ्या, माझं आत्ताचं मत हे आहे.

अण्णांनी त्या ए-झिरोच्या पॅटर्नचा मुंढा आपल्या ब्राऊन पेपरवर उतरवून घेतला. दिवाळीचा भाच्याचा शर्ट कापताना चौथ्या भागाची खूण केली, थांबले, आणि पाऊण इंच वर दुसरी खूण करून तिच्यावरून कात्री चालवली.