तीन थरांची हवाबंद धान्य-पिशवी: मका खडखडीत वाळवणार असाल तरच घ्या

सिल्लोड भागात आमचा खरिपाचा मका असतो. बराचसा मोंढ्यावर जातो, राहिलेला गावरान कोंबड्यांना वर्षभर पुरवायचा असतो. त्यासाठी मी या पिशव्या घेतल्या आणि पुढच्या हंगामातही घेणार आहे.

बाहेरून साधी विणलेली गोणी, आत एकात एक दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी ही पद्धत कॅमेरूनमध्ये चवळी साठवण्यासाठी बसवली. माझ्या पिशव्या दुसऱ्या कंपनीच्या, पण तत्त्व तेच. प्रत्येक थरातली हवा दाबून काढायची, तोंडाला पीळ द्यायचा, दुमडायचं आणि सुतळीनं आवळायचं. आतला ऑक्सिजन संपत जातो, सोंडे गुदमरून मरतात. झोपायच्या खोलीशेजारी धान्य असलेल्या घरात धुरीच्या गोळ्या ठेवाव्या लागत नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. दिवाळीनंतर भरलेला मका उन्हाळ्याच्या शेवटी उघडला तर दाण्याला भोक नाही, तळाला पीठ नाही, कुबट वास नाही.

पण दुकानदार "बुरशीची काळजी सोडा" म्हणून विकतात, ते मला मान्य नाही. ओलसर मका आत बांधला तर ओल आतच कोंडून राहते. आणि बुरशीनं शेतात किंवा खळ्यावर आधीच सोडलेलं विष कोणतीच पिशवी काढू शकत नाही. परतीच्या पावसात कणसं भिजली की हा धोका दारात उभा असतो.

मी मायक्रोबायोलॉजी शिकले आहे, म्हणून या मुद्द्यावर अडून बसते. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचं अफलाटॉक्सिन बी१ हे विष पोटात गेलं की यकृतातली विकरंच (एन्झाइम) त्याला जास्त घातक रूप देतात. ते रूप डीएनएला जाऊन चिकटतं. पेशीतलं ग्लुटाथिओन हे संरक्षक रसायन त्याला अडवतं, पण साठा संपेपर्यंतच. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांवरचा (मायटोकॉन्ड्रिया) मार आणखी मोठा: त्यांच्या डीएनएला केंद्रकातल्या डीएनएसारखं प्रथिनांचं संरक्षण नसतं, आणि तिथे हे विष जास्त चिकटतं, असं 1982 साली उंदरांवरच्या संशोधनात दिसलं. ऊर्जानिर्मितीची साखळी बिघडते, पेशीला इजा करणारी मुक्त मूलकं वाढतात, तंतुकणिकांचं आवरण गळू लागतं. त्यातलं सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर पडलं की पेशी स्वतःलाच संपवते. बाहेरून आपल्याला दिसतं ते एवढंच, की पिल्लं खातात पण अंगी लागत नाही.

माणसंही यातून सुटत नाहीत. 1974 साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात बुरशीचा मका खाऊन शंभरावर आदिवासी दगावले. त्यांच्या गावातली कुत्रीही मेली होती. भाजून, शिजवून हे विष जात नाही. आपल्याकडे तृणधान्यात किलोमागे 15 मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे डोळ्यांना, नाकाला कळण्याच्या कितीतरी अलीकडे.

म्हणून भरण्याआधी ओलावा 13 टक्क्यांच्या आत आणा. मॉइश्चर मीटर नसेल तर ढोबळ अंदाजासाठी कोरड्या काचेच्या बाटलीत दाणे आणि कोरडं मीठ हलवून पाव तास ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर मका पुन्हा ताडपत्रीवर पसरा. काळपट, हिरवट, फुटके दाणे निवडून बाजूला काढा. ते कोंबड्यांनाही टाकू नका. अंडी देणाऱ्या कोंबडीला टाकायचे आणि अंडी पोरांना द्यायची, हे मला पटत नाही.

उणं एकच, पण मोठं: आतलं प्लास्टिक उंदरासमोर टिकत नाही, कणसाच्या टोकदार तुकड्यानंही फाटतं. पिशवी साध्या गोणीपेक्षा बरीच महाग आहे, त्यामुळे एकाच हंगामात गेली तर परवडत नाही. लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. पुन्हा वापरताना दोन्ही प्लास्टिक पिशव्या वेगवेगळ्या फुगवून, तोंड पिळून, गालाजवळ धरून दाबा. बारीक भोकातूनही हवा लागते. तशी निघाली तर ती पेंडीसाठी ठेवा, मक्यासाठी नवीन घ्या.