गंगाजळी भरावी की करमर्यादा मोकळी ठेवावी? मॅसॅच्युसेट्समधल्या टाउनच्या फायनान्स कमिटीवरून

मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या टाउनच्या फायनान्स कमिटीवर तुम्ही नव्याने आला असाल, तर पहिल्याच बजेटच्या वेळी हा प्रश्न तुमच्या पुढ्यात येईल. कायद्याने परवानगी आहे तेवढा पूर्ण मालमत्ताकर लावून गंगाजळी साठवायची, की कर मर्यादेच्या बराच खाली ठेवून ती उरलेली मोकळीक हीच आपली गंगाजळी मानायची? मी सहा वर्षं कमिटीवर होतो. पहिली तीन वर्षं दुसऱ्या पर्यायाला मत दिलं, नंतरची तीन पहिल्याला.

१९८० साली मतदारांनी मंजूर केलेलं ‘प्रपोझिशन अडीच’ म्हणजे टाउनला मालमत्ताकरातून दरवर्षी किती पैसा उभा करता येईल त्यावर मर्यादा घालणारा राज्याचा कायदा, हे तुम्हाला माहीत असेलच. त्यातली एकच खुबी सांगतो, कारण सगळा वाद तिच्यावर उभा आहे. कराची मर्यादा दरवर्षी अडीच टक्के अधिक नव्या बांधकामाची भर अशी वाढते, आणि ती वाढ आदल्या वर्षीच्या मर्यादेवर धरतात, प्रत्यक्ष लावलेल्या करावर नाही. समजा मर्यादा ४ कोटी डॉलरची आहे आणि तुम्ही ३ कोटी ८० लाखच उभे केले. उरलेले २० लाख बुडत नाहीत. पुढच्या वर्षी ते ओव्हरराइडच्या, म्हणजे मर्यादा ओलांडायला मतदारांची परवानगी मागणाऱ्या, मतदानाशिवाय उभे करता येतात. मग पैसा टाउनच्या खात्यात पडून राहण्यापेक्षा लोकांच्या खिशात राहिलेला काय वाईट?

हा युक्तिवाद मला मनापासून पटला होता. आमच्या एका जनसुनावणीत एक निवृत्त बाई कराची बिलं घेऊन आल्या होत्या. प्रत्येक बिलाच्या कोपऱ्यात त्यांनी आदल्या वर्षीपेक्षा किती वाढ झाली तो आकडा पेन्सिलीने लिहून ठेवला होता. त्यांनी भाषण केलं नाही, फक्त ते आकडे एकामागून एक वाचले. त्या वर्षी कर कमी ठेवायला मी आनंदाने हात वर केला. दर आणखी खाली यावा म्हणून फ्री कॅशही, म्हणजे आदल्या वर्षाची राज्याने प्रमाणित केलेली शिल्लक, जवळजवळ सगळी त्यातच घातली.

जानेवारीत शाळेचा बॉयलर गेला.

त्या रात्रीची बैठक मला अजून आठवते. अकाउंटंटने मांडलेल्या कागदावर न वापरलेल्या करमर्यादेचा आकडा चांगला ठसठशीत होता. कोणीतरी त्यावर बोट ठेवून म्हणालं, “हे आहेत की!” पण कराचा दर डिसेंबरमध्येच मंजूर होऊन गेला होता. एकदा दर ठरला की त्या आर्थिक वर्षात वाढीव कर उभा करता येत नाही. त्या मोकळ्या जागेला थेट पुढच्या जुलैपासूनच्या वर्षात हात लावता येणार होता आणि वर्गात मुलं जाकिटं घालून बसत होती. फ्री कॅश संपलेली. कमिटीच्या स्वतःच्या मताने खर्च करता येतो तो रिझर्व्ह फंड आधीच्या वर्षीच्या कराच्या ५ टक्क्यांपर्यंत ठेवायची कायद्याने मुभा आहे; आम्ही तो नावापुरता ठेवला होता. शेवटी खास टाउन मीटिंग, म्हणजे खर्च मंजूर करणारी टाउनची सभा, बोलवावी लागली. तिचं वॉरंट, म्हणजे विषयांची जाहीर नोटीस, किमान १४ दिवस आधी लावावं लागतं, तोवर भाड्याचे हीटर. पैसे आले रस्तेदुरुस्तीसाठी मंजूर झालेल्या रकमेतून, आणि ते रस्ते पुढचा एक हिवाळा तसेच फुटके राहिले.

माझं मत तिथे फिरलं. अडचण हिवाळ्यात येते आणि मोकळी करमर्यादा कामाला येते ती जुलैपासून, ही एकच गोष्ट मला आजही खटकते. शिवाय ती वापरायचं म्हटलं की अडीच टक्क्यांऐवजी एकदम सात-आठ टक्क्यांची वाढ एकाच बिलात दिसते. पेन्सिलीने आकडे लिहिणाऱ्या त्या बाईंना हे कसं सांगायचं? म्हणून प्रत्यक्षात ती जागा वापरायला कोणी धजावत नाही, निदान आमच्याकडे तरी धजावलं नाही.

पूर्ण कर आणि भरलेला स्टॅबिलायझेशन फंड, म्हणजे अडीअडचणीसाठी वेगळी साठवलेली गंगाजळी, ही वाटही सुखाची नाही. फंडातून पैसे काढायला टाउन मीटिंगचं दोन तृतीयांश मत लागतं, म्हणजे तिथेही १४ दिवस थांबणं आलंच. पण थांबल्यावर हातात पैसे येतात आणि दुसऱ्या कुठल्या कामाच्या तोंडचा घास काढावा लागत नाही. मोठी शिल्लक दिसली की पगारवाढीच्या वाटाघाटींत तिच्याकडे बोट दाखवलं जातं, हा आक्षेप खराच आहे आणि मी तो अनुभवलाही आहे. त्यावर आम्ही किती शिल्लक ठेवायची आणि कशासाठी काढायची, याचं धोरण लिहून ठेवलं. गव्हर्नमेंट फायनान्स ऑफिसर्स असोसिएशन ही सरकारी वित्त अधिकाऱ्यांची संघटना किमान दोन महिन्यांच्या खर्चाइतकी मोकळी शिल्लक ठेवायला सांगते. तो आकडा पुढे ठेवला की चर्चा बरीच शांत होते. कर्जरोखे काढताना पतमानांकन करणारेही हीच शिल्लक आधी बघतात.

तुमच्याकडे दरवर्षी भरपूर नवं बांधकाम होत असेल, इमारती नव्या असतील आणि रिझर्व्ह फंड भक्कम असेल, तर कर कमी ठेवणं कदाचित तुम्हाला मानवेल. तसं करणारी आणि नीट चालणारी टाउन्स आहेत. तरी मत देण्याआधी अकाउंटंटला एक विचारा: उद्या, याच वर्षात, पाच लाख डॉलर लागले तर कुठल्या खात्यातून आणि किती दिवसांत मिळतील? उत्तरात न वापरलेली करमर्यादा आली, तर ती रक्कम वजा करून पुन्हा विचारा.