रिकंबंट ट्राइक घेताय? सोलापूरच्या रस्त्यावर वापरून सांगतोय

कंबर आणि मनगटं दुखायला लागली म्हणून साधी सायकल सोडून सेकंडहँड टॅडपोल ट्राइक घेतली, म्हणजे पुढं दोन चाकं मागं एक. सीटवर रेलून बसायचं, पाय पुढं. तुळजापूरला जाऊन आलो, एका बाजूला साधारण ४५ किमी, मान मनगट कायच दुखलं नाही, लई भारी वाटलं.

पण घाटात हळूच जाते हां. वजन १५ ते २० किलोच्या आसपास असतं आणि पॅडलवर उभं राहून जोर देता येत नाही, म्हणून लहान गिअर असलेलीच घ्या. तोल जायची भीती नाही, अगदी चालायच्या स्पीडनं चढवा, दमलात तर ब्रेक लॉक करून बसल्या जागी पाणी प्या.

सगळ्यात महत्त्वाचं, क्लिपवाले पॅडल (बूट पॅडलला अडकून राहतो ते) किंवा टाचेला पट्टा पाहिजेच. पाय घसरून जमिनीला लागला तर ट्राइक त्याच्यावरून पुढं जाते, पाय मोडू शकतो. मला पहिल्याच आठवड्यात झटका बसला, थोडक्यात वाचलो.

बूम, म्हणजे पुढचा पॅडल बसवलेला दांडा, स्वतःच्या पायाच्या लांबीला लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. चाकं २० इंची ४०६ साइजची (टायर बसतो तिथं रिमचा व्यास ४०६ मिमी) बघा, टायर ट्यूब मिळायला सोपं जातं. चेन मात्र साध्या सायकलच्या दुप्पट-तिप्पट लागते. आणि उंच झेंडा लावाच, सीझनला उसाच्या ट्रॉल्या असतात, आपण खाली बसलेलो दिसत नाही. मे महिन्यात दुपारी नकोच, ऊन सरळ तोंडावर येतं.