जळगावातील वेल्डर-फिटरांसाठीचे अग्निसुरक्षा प्रशिक्षण

जळगाव एमआयडीसीत तेल कारखान्यांच्या दुरुस्ती कामगारांसाठी घेतले जाणारे हे एकदिवसीय प्रशिक्षण मी आमच्या फिटर-वेल्डरांसह पूर्ण केले असून, सरकी-सोयाबीनचे तेल काढणाऱ्या खानदेशातील प्रत्येक कारखान्याने ते घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. १९९९ साली कॅलिफोर्नियातील तोस्को रिफायनरीत कारखाना चालू असताना, पूर्ण रिकामा न झालेला नॅफ्थाचा (पेट्रोलसारख्या ज्वालाग्राही द्रवाचा) पाइप बदलण्याच्या कामात आग भडकून चार कामगार दगावले. तो प्रसंग प्रशिक्षकांनी एकेक व्हॉल्व्ह दाखवत उलगडला. तेलबियांतून तेल काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या हेक्झेन या द्रावकाची वाफ हवेपेक्षा जड असते आणि हवेत सुमारे १.१ टक्का झाली तरी पेट घेऊ शकते, हे नुसते न सांगता त्यांनी गॅसमीटरची नळी नमुना टाकीच्या तळापर्यंत सोडली, तेव्हा तोंडाशी शून्य दाखवणारा मीटर तळाशी जोराने वाजू लागला. आमचा जुना वेल्डर पुढे सरकून ती नळी स्वतः हातात घेऊन पाहत राहिला. मात्र वेल्डिंग संपल्यानंतर किमान अर्धा तास ठिणग्यांवर नजर ठेवण्याचा भाग घाईत उरकला गेला, आणि वेल्डिंगसारखे ठिणग्यांचे काम सुरू करण्याआधी भरायच्या परवान्याचा नमुना इंग्रजीत होता. रोजंदारीवरील कामगार ज्यावर सही करतात, तो कागद मराठीतच हवा.