जानेवारी की मार्च? स्लेडिंगला जायचं तर थंडीपेक्षा बर्फाची जाडी आधी बघा

दिवाळीचा फराळ संपायच्या आत इथे कॅल्गरीत कोणीतरी विचारतंच, "स्लेडिंगला जानेवारीत जाऊ की मार्चमध्ये?" (स्नोमोबिल म्हणजे बर्फावर चालवायचं स्कूटरसारखं मशीन. त्याला इथे सगळे स्लेडच म्हणतात.) बहुतेकांचं गणित सरळ असतं: थंडी जेवढी जास्त, तेवढा बर्फ चांगला. पहिले दोन हंगाम मीही हेच धरून चाललो होतो. ते अर्धंच खरं आहे आणि उरलेलं अर्धं जिवावर बेतू शकतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी बोलतोय ते रेव्हलस्टोक या डोंगरातल्या गावाबद्दल. कॅल्गरीहून साधारण 400 किलोमीटर, रॉजर्स पास ही खिंड ओलांडून पलीकडे. बोल्डर माउंटन आणि फ्रिस्बी रिज हे तिथले स्लेडवाल्यांचे डोंगर. जवळच्याच माउंट कोपलंडवर 1971-72 च्या हिवाळ्यात 24 मीटरहून जास्त बर्फ पडला होता. कॅनडातला तो विक्रम आहे.

आधी जानेवारी. ढगातलं तापमान उणे 15 च्या आसपास असलं की सहा फाट्यांचे, नक्षीदार स्फटिक तयार होतात. ते एकमेकांवर सैल पडतात, मधे हवा राहते, आणि कमरेएवढा बर्फसुद्धा पिठीसाखरेसारखा उधळत जातो. स्लेडवाले ज्यासाठी वर्षभर पैसे साठवतात ती पावडर हीच. पण पारा उणे 30 ला गेला की चित्र बदलतं. उत्तरेकडून येणारी ती हवा कोरडी असते, आभाळ निरभ्र होतं आणि नवा बर्फ पडायचा थांबतो. म्हणजे कडाक्याची थंडी पडलेला बर्फ टिकवते, आणत नाही. शिवाय इतक्या थंडीत स्लेडच्या स्कींखाली पाण्याचा पातळ थर तयार होत नाही, त्यामुळे बर्फावरून घसरण्याऐवजी वाळूवरून ओढल्यासारखं वाटतं.

खरी गोची बर्फाच्या आत होते. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास राहतो, थंडी कितीही असो. वरचा पृष्ठभाग उणे 20 असेल आणि बर्फ 80 सेंटिमीटरच असेल, तर मीटरमागे 25 अंशांचा फरक पडतो. हा फरक 10 च्या वर गेला की खालची वाफ वर सरकते, कण आपली पकड सोडतात आणि सुटे, कोनदार होतात. अशा कच्च्या थरावरून वरचा बर्फ घसरला की हिमस्खलन होतं. तीच थंडी तीन मीटर बर्फावर पडली तर फरक सातच्या आत राहतो. वरचा थोडा थर सुटा होतो, पण बुड सहसा घट्ट राहतं.

13 जानेवारी 2024 ची संध्याकाळ कॅल्गरीकरांच्या लक्षात असेल. जीवघेणी थंडी, आणि सगळ्यांचे फोन एकदम वाजले: वीज जपून वापरा. त्या हिवाळ्यात डोंगरात बर्फ उशिरा आणि कमी आला होता. पुढच्या आठवड्यात आम्ही गेलो तेव्हा झाडांच्या ओळीपाशी फावड्याने खड्डा खणला. वरचा हातभर बर्फ ठीक होता. तळाचा मुठीत घेऊन दाबला, तर तुपाशिवाय रव्याचा लाडू वळायला जावं तसं झालं. कण बोटांतून सांडून गेले. या रव्यावर फेब्रुवारीचा जड बर्फ बसणार, हे डोळ्यांसमोर आलं आणि त्या दिवशी आम्ही उतारांना हात न लावता जंगलातल्या रस्त्यावरूनच फिरून आलो. मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

आता मार्च. मार्चमधल्या दिवसाला तीन ऋतू असतात. सकाळी कालचा वितळलेला बर्फ गोठून फरशीसारखा झालेला, अकराच्या सुमारास वरचे दोन बोटं मऊ, आणि दुपारी दोननंतर उन्हाच्या बाजूला नुसता रेंदा. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर मात्र पावडर टिकून असते, आणि जाणकार तिथेच जातात. मार्चची जमेची बाजू म्हणजे बर्फ जाड झालेला असतो, बुडखे आणि दगड खोल गाडले गेलेले असतात. दिवस बारा तासांचा असतो. जानेवारीच्या सुरुवातीला तो जेमतेम आठ तासांचा. मशीन अडकलं तर हे चार तास फार मोलाचे.

मशीनचं म्हणाल तर थंड हवा दाट असते, इंजिन जोरात चालतं. पण इंजिनाची ताकद ट्रॅकपर्यंत (स्लेडखाली फिरणाऱ्या रबरी साखळीपर्यंत) नेणारा पट्टा गरम व्हायच्या आत थ्रॉटल पिळला तर तो तुटतो. उणे 31 ला मी हा उद्योग केलाय, आणि नवा पट्टा चढवताना बोटं बधिर झाली होती. मार्चची अडचण उलटी. ट्रॅक जो सुटा बर्फ उडवतो त्यावरच इंजिन थंड राहतं. सकाळच्या कडक रस्त्यावर बर्फ उडतच नाही, आणि तापमानाचा काटा बघता बघता चढतो. बर्फ खरवडणारे स्क्रॅचर खाली सोडायला विसरू नका. भाड्याच्या स्लेडला ते आहेत का, हे निघण्याआधी विचारून घ्या.

मार्च उबदार म्हणून सुरक्षित, असं मात्र कोणी समजू नये. 13 मार्च 2010 ला याच बोल्डर माउंटनवर स्लेडवाल्यांचा मेळावा भरलेला असताना हिमस्खलन झालं. दोघे गेले, कितीतरी जण जखमी झाले. जानेवारीत तयार झालेला कच्चा थर मार्चपर्यंत गुपचूप टिकू शकतो.

कोणी काय करावं? पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, विशेषतः भारतातून आलेले आईबाबा किंवा मुलं बरोबर असतील तर, मार्चचा पहिला पंधरवडा धरा, आणि सकाळी दहा ते दुपारी एक एवढ्याच वेळात फिरा. ज्यांना पावडरच हवी आहे, ज्यांना ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी), फावडं वापरता येतं, त्यांनी जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य घ्यावा, तोही डिसेंबरात भरपूर बर्फ पडला असेल तरच. रॉकीजच्या पूर्वेकडच्या उतारांवर बर्फ मुळातच पातळ आणि थंडी जास्त, त्यामुळे तिथे जानेवारीत जायचा सल्ला मी कोणालाच देणार नाही, घरापासून जवळ असलं तरी. थंडीची लाट आली की आठवडाभर थांबा. लाट ओसरून त्यावर मोठा बर्फ पडला, तर पहिले दोन-तीन दिवस मोठे उतार टाळाच. सगळ्यांना हात शिवशिवतात ते नेमके तेव्हाच.

आणि गावातला पारा बघून ठरवू नका. रेव्हलस्टोक 480 मीटरवर आहे, आणि लाटेत जड थंड हवा दरीत साचते. गावात उणे 22 असताना वर उणे 10 मिळालेलं मी अनुभवलंय. हिमस्खलनाचा अंदाज देणाऱ्या अ‍ॅव्हलांच कॅनडा या संस्थेचं ऑफिस त्याच गावात आहे आणि त्यांचा अंदाज रोज निघतो. धोक्याचा 1 ते 5 मधला नुसता आकडा बघून पान बंद करू नका. खाली "पर्सिस्टंट स्लॅब" (टिकून राहिलेल्या कच्च्या थरावर बसलेला बर्फ) असे शब्द दिसले, तर त्या दिवशी आपला बेत जंगलातल्या रस्त्याचा.