रुग्णांची बाजू घेण्याचं काम करायचंय: समाजसेवक, आरोग्यमित्र, नेव्हिगेटर की कार्यकर्ता?

हॉस्पिटलात पेशंटच्या बाजूने बोलणारं माणूस व्हायचं, असं मनात असेल तर महाराष्ट्रात त्यासाठी एकच एक पद नाही. अमेरिकेत रुग्ण स्वतः फी देऊन असा सल्लागार नेमू शकतो. २०१८पासून तिथे त्यासाठी प्रमाणपत्र परीक्षाही आहे. आपल्याकडे हेच काम चार-पाच खुर्च्यांत वाटलं गेलंय. खुर्ची निवडताना लोक आधी शिक्षण किती आणि पगार किती ते बघतात. पगार कोण देतं, हे मी त्याच्याही आधी बघायला सांगेन. डिपॉझिटवरून किंवा बिलावरून खटका उडेल, तेव्हा तुम्हाला पेशंटसाठी किती ताणता येईल हे त्यावरच ठरतं.

सगळ्यांत जुनी वाट वैद्यकीय समाजसेवकाची. देशातली अशी पहिली नेमणूक १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात झाली. सरकारी रुग्णालयांत या पदाला समाजसेवा अधीक्षक म्हणतात. त्यासाठी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी लागते, पदवीनंतरची दोन वर्षं. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था ही त्यातली जुनी नावं. कामाचा मोठा भाग पैसे उभे करण्यात जातो: मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज, ट्रस्टना पत्रं, डॉक्टरांकडून खर्चाचं अंदाजपत्रक. पण बेवारस पेशंटचं घर शोधणं, टीबीची औषधं मध्येच सोडणाऱ्याशी बोलणं, जाळून घेतलेल्या बाईच्या उशाशी बसणं हेही याच टेबलावर येतं.

धर्मादाय रुग्णालयात या माणसाच्या हाती कायद्याचं बळ असतं. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली योजना घालून दिली. १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा दाखला घेऊन आलेल्या माणसाला ही खाट मिळवून देणं समाजसेवकाचं काम. अडचण एवढीच की पगार तेच रुग्णालय देतं. खाटा ‘भरलेल्या’ दाखवायचा दबाव आला तर योजना तोंडपाठ असलेलाच टिकतो. म्हणून या वाटेने जाणाऱ्याने ती योजना मुळातून वाचावी, कुणाच्या सारांशावर विसंबू नये.

आरोग्यमित्राचं काम याच्याशेजारी ठेवून बघा. तो ज्या सरकारी मोफत उपचार योजनेसाठी काम करतो, ती २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली, आता ती महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. अंगीकृत, म्हणजे या योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. पेशंटची कागदपत्रं तपासायची, नोंदणी करायची, पूर्वमंजुरीचं प्रकरण कुठे अडकलंय ते बघायचं. दोन वर्षं शिकत बसावं लागत नाही, पदवी आणि संगणकावर हात बसलेला असला की दार उघडतं. पगार रुग्णालयाकडून नव्हे, योजनेसाठी नेमलेल्या त्रयस्थ कंपनीकडून येतो. त्यामुळे योजनेतल्या पेशंटकडून वर पैसे मागितले गेले तर तुम्हाला ते थेट कळवता येतं. पण नोकरी कंत्राटी, पगार तुटपुंजा. त्यासाठी आरोग्यमित्रांनी संपही केलेत. शिवाय पेशंटचा आजार योजनेच्या यादीत नसेल तर तुमचा अधिकार तिथेच संपतो. समाजसेवकाचं काम नेमकं तिथून सुरू होतं.

कॅन्सरपुरतं बोलायचं तर तिसरी वाट चांगली आहे. टाटा मेमोरियल, टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि टाटा ट्रस्ट्स यांनी मिळून ‘केवट’ हा एक वर्षाचा पेशंट नेव्हिगेशनचा अभ्यासक्रम काढला. परळला टाटा मेमोरियलमध्ये पहिल्यांदा येणारा माणूस फाइल, तपासण्या, राहायची सोय यांत हरवतो. नेव्हिगेटर त्याला हाताशी धरून पुढे नेतो. प्रशिक्षण नेमकं आहे, पण कॅन्सरबाहेर अशा जागा फारशा नाहीत.

खासगी कॉर्पोरेट हॉस्पिटलातला पेशंट कोऑर्डिनेटर किंवा टीपीए डेस्क (विम्याचे दावे हाताळणाऱ्या त्रयस्थ कंपन्यांशी व्यवहार बघणारं टेबल) ही नोकरी लवकर मिळते आणि कॅशलेसची गुंतागुंत तिथे चांगली शिकता येते. मी मात्र तिला रुग्णांची बाजू घेणं म्हणणार नाही. बिल वसूल होणं हा त्या टेबलाचा पहिला हिशेब असतो.

राहिला रुग्णहक्क कार्यकर्ता. जन आरोग्य अभियान, पुण्याची ‘साथी’ असे गट वर्षानुवर्षं हे काम करताहेत. शुश्रूषागृह (नर्सिंग होम) नोंदणीच्या २०२१च्या सुधारित नियमांमुळे रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं रुग्णालयांवर बंधनकारक झालं, आणि बिल थकलं म्हणून मृतदेह अडवता येत नाही. कार्यकर्ता याच कागदावर बोट ठेवून बोलतो. त्याला कुणाचीच भीड नसते, कारण पगारही नसतो. संस्थेत प्रकल्पापुरतं मानधन मिळतं, एकट्याने करायचं तर घर चालवायला दुसरं काही हवं.

तुम्ही विशीत असाल आणि दोन वर्षं काढता येत असतील, तर एमएसडब्ल्यूच करा, वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्य हा विषय घ्या आणि क्षेत्रकार्य सरकारी रुग्णालयात मागून घ्या. घरी लगेच पैसे लागत असतील तर आरोग्यमित्र म्हणून सुरुवात करा, पण वर्ष-दोन वर्षांत पुढचं शिक्षण ठरवा. नर्सिंग किंवा फार्मसी केलेल्यांनी नेव्हिगेशनकडे जरूर बघावं, कारण केसपेपर वाचता येणं ही तिथे मोठी जमेची बाजू. आणि मुलाखत कुठलीही असो, पेशंटची तक्रार रुग्णालयाविरुद्ध असेल तर ती मी कुणाकडे न्यायची, हे रुजू होण्याआधीच विचारून घ्या.